उत्तराधिकाऱ्यांच्या यादीत एकही बाई का नव्हती? एका बँकेच्या कर्ज विभागातलं प्रकरण

पार्श्वभूमी

बँकेचं नाव सांगत नाही, माणसांचीही नाही, आणि ओळख पटू नये म्हणून दोन-चार तपशील मुद्दाम इकडचे तिकडे केलेत. बाकी घडलं ते असंच घडलं. मी तेव्हा एचआरच्या डेटा टीममध्ये होते, म्हणजे मीटिंगमध्ये बसायचं, आकडे दाखवायचे आणि कोणी विचारलं तरच बोलायचं.

बँक मध्यम आकाराची, मुख्य धंदा कंपन्यांना कर्ज देण्याचा. भरतीत मुलं-मुली जवळपास सारख्या यायच्या आणि पहिली चार-पाच वर्षं सगळं छान चालायचं. गंमत वर गेल्यावर सुरू व्हायची. एचआर, कम्प्लायन्स, ऑपरेशन्स, ऑडिट या ठिकाणी बायका अगदी विभागप्रमुखसुद्धा होत्या, त्यामुळे वार्षिक अहवालात फोटो एकदम भारी दिसायचा. पण जिथून बँकेचा पैसा येतो तिथे, म्हणजे कॉर्पोरेट लेंडिंग (कंपन्यांना कर्ज), ट्रेझरी (बँकेच्या स्वतःच्या पैशांची उलाढाल), मोठे रीजन, तिथे वरच्या खुर्चीत एकही नाही.

आणि बँकांमध्ये सीईओ बहुतेक वेळा याच दुसऱ्या बाजूने येतो, ज्याने नफा-तोटा स्वतःच्या डोक्यावर घेतलाय तो. जेन फ्रेझर २०२१ मध्ये सिटीग्रुपच्या सीईओ झाल्या, वॉल स्ट्रीटवरची एवढी मोठी बँक चालवणाऱ्या पहिल्या बाई, तेव्हा सगळीकडे कौतुक झालं. पण त्याआधी त्यांनी लॅटिन अमेरिकेचा अख्खा धंदा सांभाळला होता आणि मग जगभरातली कन्झ्युमर बँक, हे फार कमी जणांनी लिहिलं. खुर्ची नंतर येते हो, आधी धंदा हातात यावा लागतो.

अडचण काय होती

कॉर्पोरेट लेंडिंगचे हेड दीड वर्षाने निवृत्त होणार होते. नियमाप्रमाणे उत्तराधिकाऱ्यांची यादी बोर्डाकडे गेली, तीन नावं, तिन्ही पुरुष. एका स्वतंत्र संचालकांनी साधाच प्रश्न विचारला, की यात एकही बाई का नाही? सीईओंनी एचआरकडे बघितलं, एचआरने बिझनेसकडे, आणि बिझनेसने सगळीकडे देतात तेच उत्तर दिलं, "पाइपलाइनच नाहीये सर."

आता पाइपलाइन नाही, म्हणजे खालून तयार होऊन येणाऱ्या बायकाच नाहीत, हे उत्तर खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत. यादीत जायला तीन अटी होत्या: मोठ्या खात्यांचं बुक (म्हणजे एका मॅनेजरच्या हातातली सगळी कर्जखाती) किमान तीन वर्षं सांभाळलेलं असावं, ठराविक रकमेपर्यंत स्वतःच्या सहीने कर्ज मंजूर करायचा अधिकार असावा, आणि नाइन-बॉक्समध्ये, म्हणजे काम आणि पुढची कुवत (पोटेन्शियल) मांडायच्या नऊ चौकटींच्या तक्त्यात, पोटेन्शियल 'उच्च' असावं. या तिन्हीत बसणारी एकही बाई खरंच नव्हती.

एक नाव मात्र सगळ्यांच्या तोंडी होतं. त्यांना आपण डेप्युटी मॅडम म्हणू. चौदा वर्षं त्याच बँकेत, सुरुवात रिलेशनशिप मॅनेजर म्हणून, आता क्रेडिट मॉनिटरिंग, म्हणजे दिलेली कर्जं नीट फिटतायत का ते, बघायच्या. कुठलं खातं कधी थकणार हे त्यांना बॅलन्स शीट उघडायच्या आधी कळतं असं लोक म्हणायचे, आणि अडचणीतलं खातं आलं की तेच हेड साहेब पहिला फोन मॅडमना करायचे. अप्रेजल सलग उत्तम. फाइलमध्ये शेरे काय, तर "मेहनती", "भरवशाच्या", "तपशिलात पक्क्या". पोटेन्शियलच्या चौकटीत 'मध्यम'. यादीतल्या तिघांपैकी दोघांची कामाची रेटिंग मॅडमपेक्षा कमी होती, पण शेरे होते "क्लायंटसमोर वजन पडतं", "भूक आहे", आणि पोटेन्शियल 'उच्च'.

हा प्रकार काही या एकाच बँकेचा नाही. ॲलन बेन्सन, डॅनिएल ली आणि केली श्यू या संशोधकांनी उत्तर अमेरिकेतल्या एका मोठ्या रिटेल साखळीचा डेटा तपासला होता, त्यातही हेच दिसलं, बायकांना कामाचे गुण जास्त आणि पोटेन्शियलचे कमी, आणि प्रमोशनमधल्या फरकाचा बराच मोठा भाग या पोटेन्शियलच्या रकान्यातूनच येत होता. काम झालेलं दिसतं, ते नाकारता येत नाही. पोटेन्शियल हा अंदाज असतो, तिथे मनातलं सगळं आत घुसतं.

आकडे उघडल्यावर

मॅडमकडे मोठं बुक का नव्हतं, हा खरा प्रश्न. पहिलं उत्तर मिळालं की त्यांनी स्वतःच मॉनिटरिंग मागून घेतलं. मॅडमना विचारलं तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मागितलं म्हणजे काय, रजेवरून आले तेव्हा टेबलवर तेवढंच शिल्लक होतं."

झालं असं होतं, की नऊ वर्षांपूर्वी बाळंतपणाच्या रजेवर जाताना त्यांची चार मोठी खाती "तात्पुरती" दुसऱ्यांना दिली. परत आल्यावर खाती परत द्यायचा विषय कोणी काढला नाही, क्लायंट आता सेट झालाय, कशाला हलवायचं, वगैरे. मग छोटी आणि जुनी खाती मिळाली, त्यातली निम्मी आजारी, म्हणजे कर्जफेड अडखळत असलेली, ती त्यांनी बरी सांभाळली, म्हणून आजारी खाती सांभाळणारी बाई असा शिक्का बसला आणि मॉनिटरिंगला बदली झाली, तीही "घरच्यासाठी सोयीचं" म्हणून. यात कोणीही वाईट हेतूने काही केलेलं नाही. प्रत्येक निर्णय त्या त्या दिवशी शहाणपणाचाच वाटला असणार.

एकीची गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे, म्हणून आम्ही लोन सिस्टिममधून कुठलं खातं कोणत्या तारखेला कोणाच्या नावावर होतं ते काढलं. हे वाटतं तेवढं सोपं नव्हतं कारण खात्यांचं वाटप फोनवर व्हायचं, नोंद कुठेच नाही, फक्त सिस्टिममध्ये नाव बदललेलं दिसायचं आणि तेही कधी कधी महिनाभर उशिरा. पण चित्र स्वच्छ होतं. एखादा मॅनेजर नोकरी सोडून गेला की त्याची वाढती खाती पुरुषांकडे जायची आणि रखडलेली बायकांकडे. उलट सारख्या आकाराची, सारख्या तब्येतीची खाती शेजारी ठेवून बघितली तर कर्जाची वाढ आणि वसुली यात बाई-पुरुष असा फरक दिसत नव्हता.

जॅनिस मॅडन यांनी अमेरिकेतल्या दोन मोठ्या ब्रोकरेज कंपन्यांवर २०१२ मध्ये छापलेल्या अभ्यासात जवळपास हेच मांडलं होतं, बायकांना कंपनीकडून मिळणारी खाती कमी दर्जाची, आणि दर्जा सारखा असला की कमाईही सारखी. तो पेपर मी प्रेझेंटेशनमध्ये लावला. त्याचा उपयोग एवढाच झाला की "आमच्याकडे असं नसतं" हे वाक्य त्या दिवशी कोणी म्हटलं नाही.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय, बाहेरून तयार बाई आणायची. झटपट, बोर्ड खूश. पण बाहेर अशा बायका मोजक्याच आणि सगळ्या बँका त्यांच्याच मागे, आणि आतल्या बायकांना संदेश काय जाणार, की इथे राहून काही होत नाही?

दुसरा, टार्गेट. म्हणजे वरच्या पदांवर अमुक टक्के बायका अमुक वर्षापर्यंत. ब्रिटनच्या ट्रेझरीने, म्हणजे तिथल्या अर्थखात्याने, २०१६ मध्ये विमेन इन फायनान्स चार्टर आणला त्यात कंपनीने स्वतःचं टार्गेट ठरवायचं, ते जाहीर करायचं आणि वरच्या लोकांच्या पगाराचा काही भाग त्याला जोडायचा असा प्रकार आहे. सीएचआरओंना, म्हणजे एचआरच्या प्रमुखांना, हे हवं होतं, बिझनेसला अजिबात नको होतं. एक संचालक नॉर्वेचं उदाहरण देत होते, तिथे २००३ च्या कायद्याने बोर्डावर ४० टक्क्यांची अट आली आणि बोर्ड खरोखर बदलली. त्यावर सीएफओंनी (वित्तप्रमुखांनी) मुद्दा काढला की नंतरच्या संशोधनात त्याच कंपन्यांमध्ये खालच्या बायकांना फारसा फायदा झालेला दिसला नाही. मुद्दा बरोबरच होता, फक्त तो काहीच न करण्यासाठी वापरला जात होता.

तिसरा पर्याय लीडरशिप ट्रेनिंग आणि मेंटॉरिंग. हा सगळ्यांना आवडला, कारण यात कोणाचंच काही जात नाही. बँकेत आधीपासून एक महिला नेतृत्व कार्यक्रम होता, त्याचं सगळं आयोजन, वक्ते बोलावणं, नोंदणी, आभार, हे बायकाच करायच्या, ऑफिसच्या कामाव्यतिरिक्त, आणि अप्रेजलमध्ये त्याची एक ओळही नाही. त्या वेळात शेजारचा सहकारी क्लायंटकडे बसलेला असायचा.

चौथा, मॅडमना थेट हेड करा. याला मॅडमचाच विरोध होता. "मोठं बुक न चालवता बसले तर पहिल्या थकीत खात्यालाच लोक म्हणतील, बघा."

पाचवा पर्याय कंटाळवाणा होता. खात्यांचं वाटप, मंजुरीचे अधिकार आणि पोटेन्शियलचा रकाना, या तीन गोष्टींची पद्धतच बदलायची. निकाल दिसायला दोन-तीन वर्षं, आणि तोपर्यंत बोर्डाला दाखवायला फोटो नाही.

काय केलं

सीईओंनी पाचवा पर्याय घेतला आणि त्याला दुसऱ्याचं छोटं रूप जोडलं: पदांसाठी टार्गेट नाही, पण वरच्या प्रत्येक पदाच्या यादीत, ज्यांनी धंदा सांभाळलाय अशा उमेदवारांमध्ये किमान एक बाई असली पाहिजे, नसेल तर बिझनेस हेडने का नाही आणि पुढच्या वर्षी कोण असेल हे लिहून द्यायचं. ट्रेनिंग चालू राहिलं, पण आयोजन एचआरकडे घेतलं.

मग मॅडमना बुक कोणतं द्यायचं यावर गाडं अडलं. त्याच वेळी मिड-कॉर्पोरेटचं, म्हणजे मध्यम आकाराच्या कंपन्यांचं, एक बुक रिकामं झालं होतं, आधीचा माणूस सोडून गेला होता कारण बुक बिघडायला लागलं होतं. कोणीतरी पटकन म्हणालं, हेच मॅडमना द्या, आजारी खात्यांची त्यांना सवयच आहे. इथे सीएचआरओंनी थांबवलं. मिशेल रायन आणि अलेक्स हॅसलम यांनी २००५ मध्ये ग्लास क्लिफची कल्पना मांडली ती अशाच प्रसंगांवरून, की बाईला वरची जागा बऱ्याचदा तेव्हाच मिळते जेव्हा ती जागा कोसळायला आलेली असते, आणि मग कोसळल्याचं खापर तिच्यावर.

पण दुसरं बुक तेव्हा मोकळं नव्हतं. शेवटी मॅडमनाच विचारलं, जे खरं तर सगळ्यात आधी करायला हवं होतं. त्यांचं उत्तर मला अजून शब्दशः आठवतं: "सर, बुक घेते मी. पण माझ्या आधी मंजूर झालेली खाती वेगळी मोजा, वेगळ्या ओळीत. नाहीतर वर्षभराने तुम्हीच म्हणाल की मॅडमच्या काळात बुक बिघडलं. आणि त्यात दोन चांगली वाढती खाती टाका, नुसती दुरुस्ती करून मी हेड होणार नाही, ते मी नऊ वर्षं करून बघितलंय." सीईओ क्षणभर गप्प, मग म्हणाले, "बरोबर आहे तुमचं."

तर तारीख ठरली, त्याआधीची मंजुरी जुन्या ओळीत, नंतरची नव्या ओळीत, आणि दर तिमाहीला दोन्ही आकडे वेगळे बोर्डाकडे. दोन मोठी खातीही आली, हेड साहेबांनी नाराजीनेच सोडली पण सोडली.

दुसरा खटका मंजुरीच्या अधिकारावर उडाला. आधीच्या माणसाची जेवढी मर्यादा होती त्याच्या निम्मी मॅडमना द्यायची, सहा महिने बघू, असा प्रस्ताव रिस्क विभागाकडून आला. वरवर बघता सावधपणा. पण क्लायंटला पहिल्याच मीटिंगमध्ये कळतं की समोरच्याच्या सहीला किती किंमत आहे, आणि मॅडमच्या आधीच्याला पहिल्या दिवसापासून पूर्ण मर्यादा मिळाली होती, ते रेकॉर्डमध्ये होतं. ते दाखवल्यावर रिस्कने प्रस्ताव मागे घेतला, भांडण न होता. जुनी नोंद हातात असणं किती कामाचं असतं हे तेव्हा कळलं.

बाकीच्या तीन गोष्टी सगळ्यांसाठी होत्या. ठराविक रकमेच्या वरचं खातं हात बदलणार असेल तर रजिस्टरमध्ये नोंद, कोणाचा विचार केला त्या किमान दोन नावांसकट आणि कारणासकट. रजेवर जाणाऱ्याची खाती केअरटेकर मॅनेजरकडे, परतीच्या तारखेसह, आणि परत द्यायची नसतील तर रजेवरून आलेल्या माणसाची लेखी संमती. आणि पोटेन्शियलच्या रकान्यात 'भूक', 'वजन' असले शब्द बंद, त्या व्यक्तीने गेल्या वर्षी स्वतःच्या पातळीच्या वरचं कोणतं काम केलं त्याचं एक उदाहरण लिहायचं. उदाहरण नाही तर 'उच्च' नाही. पहिल्या वर्षी या एका अटीमुळे किती 'उच्च' गळून पडले ते बघून कमिटीतले लोकच जरा ओशाळले.

कुजबुज अर्थातच झाली. यादीतल्या तिघांपैकी एकाला हेड साहेबांनी तोंडी शब्द दिलेला होता, तो दुखावला. "बायकांचा जमाना आहे" वगैरे कॉरिडॉरमध्ये चाललं. सीईओंनी यावर भाषण न देता हेडच्या पदाचे निकष आणि प्रत्येकाचं वजन लिहून सगळ्या संभाव्य उमेदवारांना एकाच दिवशी पाठवलं. दुखावलेल्या माणसानेच नंतर मला सांगितलं की बारा वर्षांत पहिल्यांदा त्याला कळलं की हेड व्हायला नेमकं काय लागतं.

पुढे काय झालं

मॅडमचं नवं बुक वाढलं, जुन्या ओळीतली तीन खाती थकली आणि कोणीही त्यांच्याकडे बोट दाखवलं नाही, कारण ती ओळच वेगळी होती. हे महत्त्वाचं यासाठी की आर्थिक क्षेत्रात चुकीची शिक्षा सारखी नसते. अमेरिकेतल्या फायनान्शियल ॲडव्हायझर्सवर ईगन, मॅटवोस आणि सेरू यांचा अभ्यास आहे, त्यात गैरवर्तनाची नोंद झाल्यावर बायकांची नोकरी जायची शक्यता पुरुषांपेक्षा २० टक्क्यांनी जास्त आणि नवी नोकरी मिळायची ३० टक्क्यांनी कमी निघाली. मॅडमनी हा पेपर वाचलेला नव्हता, त्यांनी ते आयुष्यभर बघितलेलं होतं.

पण हेडचं पद त्यांना मिळालं नाही. हेड साहेब तब्येतीमुळे सहा महिने आधीच निवृत्त झाले, तेव्हा मॅडमच्या हातात बुक येऊन जेमतेम वर्ष झालेलं. तीन वर्षांची अट कागदावर तशीच होती. बोर्डाने तिघांपैकी एकाला नेमलं, माणूस चांगला, निकषात बसणारा, त्यावर आक्षेप घेण्यासारखं काही नाही. मॅडमना "पुढच्या वेळी नक्की" असं सांगितलं गेलं. नवा हेड पंचेचाळिशीतला, म्हणजे पुढची वेळ केव्हा ते कोणालाही मोजता येत होतं. वर्षभरात मॅडम दुसऱ्या बँकेत कॉर्पोरेट लेंडिंगच्या हेड म्हणून गेल्या. मुलाखतीत तिथे त्यांना पहिला प्रश्न नव्या ओळीतल्या आकड्यांवरचाच विचारला गेला, असं त्यांनीच सांगितलं.

मग हे प्रकरण फसलं का? बँकेने ज्या बाईवरून सगळं सुरू केलं तीच गेली, हे खरं. पण दोन वर्षांनी तीन मोठ्या पदांच्या याद्या बोर्डाकडे गेल्या तेव्हा प्रत्येक यादीत मोठं बुक चालवलेली बाई होती आणि कोणाला "का नाही" लिहून द्यावं लागलं नाही. एका रीजनच्या हेड आता बाई आहेत. रजेवरून परतलेल्यांपैकी बहुतेकांना खाती परत मिळाली, त्यात वडिलांच्या आजारपणासाठी लांब रजा घेतलेला एक पुरुषही होता, हे कोणाच्या डोक्यातही नव्हतं नियम लिहिताना.

कुठे वेगळं करता आलं असतं

सगळ्यात मोठी फट तीन वर्षांच्या अटीत होती. बुक वाटायची पद्धत चुकीची होती हे बँकेने मान्य केलं, पण त्या चुकीतून जन्मलेली अट तशीच ठेवली. तीन वर्षंच का, दोन का नाही, याचं उत्तर कोणाकडेही नव्हतं. अट सांभाळलेल्या वर्षांऐवजी खात्यांचा आकार आणि एक पूर्ण मंजुरी ते वसुली चक्र यावर ठेवली असती तर मॅडम किमान यादीत आल्या असत्या.

दुसरं, हेड अचानक गेल्यावर बोर्डाला लगेच कायम नेमणूक करायची काहीच गरज नव्हती. सहा महिन्यांचा हंगामी कारभार दोघांत वाटून देता आला असता. हे सुचवलं गेलं होतं, पण क्लायंटला गोंधळ होईल म्हणून बाजूला पडलं. आधी खाती फोनवर हात बदलायची तेव्हा क्लायंटच्या गोंधळाची एवढी काळजी नव्हती.

तिसरं, मॅडमसाठी वर बोलणारं कोणी नव्हतं. मेंटॉर होते, सल्ला भरपूर मिळायचा. पण ज्या खोलीत त्या नाहीत तिथे स्वतःची पत पणाला लावून त्यांचं नाव घेणारा माणूस, म्हणजे स्पॉन्सर, तो नव्हता. सीएचआरओ घ्यायच्या, पण कर्जाच्या पदावर एचआरच्या शब्दाला वजन कितीसं असणार. यादीतल्या तिघांचे स्पॉन्सर हेड साहेब स्वतः होते.

टार्गेट नाकारलं त्याबद्दल माझं मत अजूनही दोलायमान आहे. पद्धत बदलल्याने पाया सुधारला, पण वरच्या पदावर कोणाच्याही पगाराला धक्का लागणार नव्हता, म्हणून घाईही कोणाला नव्हती. पगाराचा थोडासा भाग जरी जोडला असता तरी हंगामी कारभाराचा प्रस्ताव एवढ्या सहज बाजूला पडला असता असं मला वाटत नाही.

आणि रजिस्टरला पळवाट सापडलीय. गेल्या आढाव्यात असं दिसलं की मर्यादेच्या जरा खालची खाती, जी पुढे मोठी होणार हे सगळ्यांना माहीत असतं, ती अजून फोनवरच वाटली जातायत, आणि ती कोणाकडे जातायत ते वेगळं सांगायला नको. मर्यादा खाली आणायचा प्रस्ताव सीईओंकडे गेलाय, नव्या हेडचं म्हणणं आहे की एवढी कागदपत्रं केली तर धंदा कधी करायचा, आणि याच्यावर पुढच्या तिमाहीच्या मीटिंगमध्ये चर्चा आहे.